अव्यक्ताचे भय

२०२४ च्या ऑक्टोबरमध्ये महाराष्ट्राच्या नव्या शालेय अभ्यासक्रम आराखड्यातील एका तरतुदीची वृत्तपत्रांतून बरीच चर्चा झाली. दहावीच्या परीक्षेत गणित व विज्ञान या विषयांत पस्तीसऐवजी वीस गुण मिळवणाऱ्या विद्यार्थ्यालाही अकरावीत प्रवेश घेता यावा; मात्र पुढे गणित-विज्ञानाच्या मार्गाने त्याला जाता येणार नाही, असा शेरा त्याच्या प्रमाणपत्रावर असावा, असे त्यात सुचवण्यात आले होते. केवळ एका विषयापायी शिक्षण कायमचे सुटणाऱ्या मुलांविषयीची कणव त्यामागे होती, हे मान्य करायला हवे. परंतु कणव एका बाजूने दार उघडते आणि दुसऱ्या बाजूने बंद करते, तेव्हा बंद होणाऱ्या दाराकडेही पाहावे लागते. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाच्या कागदावर उमटलेला असा शेरा म्हणजे अभियांत्रिकी, संगणक, संशोधन यांतून त्याचे नाव वजा होणे होय. आणि ही वजाबाकी दहावीत होत नाही. ती तीन-चार वर्षे आधीच, सहावी-सातवीच्या वर्गात, अंकांच्या जागी पहिल्यांदा अक्षर आले त्या दिवशी सुरू झालेली असते.

मध्यमवर्गीय घरांतून या विषयाकडे पाहण्याची रीत मोठी चमत्कारिक आहे. लग्नकार्यात भेटलेले सुविद्य गृहस्थ ‘माझे गणित पहिल्यापासूनच कच्चे’ हे वाक्य ज्या सहजतेने, किंबहुना किंचित कौतुकाने उच्चारतात, त्या सहजतेने ‘मला वाचता येत नाही’ असे कोणी म्हणत नाही. आईवडिलांचे हे उद्गार मुले ऐकतात आणि आपल्या घराण्याला हा विषय वर्ज्य आहे, अशी स्वतःची समजूत करून घेतात. मग आठवीपासून शिकवणी, नववीत दुसरी शिकवणी आणि दहावीत ‘हमखास येणारी उदाहरणे’ घोकणे, असा प्रवास सुरू होतो. ज्यांच्या खिशात शिकवणीचे पैसे नाहीत त्यांच्यासाठी तोही नाही. ‘असर’च्या २०२४ च्या पाहणीनुसार ग्रामीण भारतातील आठवीच्या निम्म्याहून अधिक मुलांना तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागता येत नव्हते. ज्याला भागाकार येत नाही त्याच्यासमोर समीकरण मांडणे म्हणजे पोहता न येणाऱ्याला पुराच्या पाण्यात उतरवण्यासारखे आहे.

आणि हे सारे घडते ते कोणत्या भूमीत? बीजगणिताला आपल्या पूर्वसूरींनी ‘अव्यक्त गणित’ असेही म्हटले. जे अजून प्रकट झालेले नाही, ज्याची किंमत ठाऊक नाही, त्याला एक नाव द्यायचे, ते ठाऊक असल्यासारखे धरून हिशेब मांडायचा आणि त्या हिशेबातूनच त्याला प्रकट व्हायला लावायचे, ही ती कल्पना. इ.स. ६२८ मध्ये ब्रह्मगुप्ताने ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्त’ लिहिला, तेव्हा शून्यासह धन आणि ऋण राशींच्या बेरीज-वजाबाकी-गुणाकाराचे नियम त्यात नोंदवले. युरोपातील गणिती त्यानंतरही कित्येक शतके ऋण संख्यांना संख्या मानायला कचरत होते. आजच्या पाठ्यपुस्तकातला ‘चल’ म्हणजे आपल्या ग्रंथांतला ‘यावत्-तावत्’. अज्ञात राशी एकाहून अधिक असतील तर कालक, नीलक, पीतक अशी रंगांची नावे. काळा, निळा, पिवळा! ज्या शास्त्रात अज्ञाताला रंगांनी हाक मारली जाई, ते रुक्ष कसे म्हणावे?

शके १०३६ मध्ये, म्हणजे इ.स. १११४ मध्ये जन्मलेल्या भास्कराचार्यांनी वयाच्या छत्तिसाव्या वर्षी ‘सिद्धान्तशिरोमणी’ पूर्ण केला. ‘लीलावती’ आणि ‘बीजगणित’ हे त्याचे दोन भाग. सह्याद्रीच्या आश्रयाने असलेल्या विज्जलवीड गावचे आपण रहिवासी, असे ते सांगतात. हे गाव नेमके कोणते यावर विद्वानांचा वाद असला, तरी या महापुरुषाची जयंती, त्याच्या नावाच्या स्पर्धा, व्याख्याने आपल्याकडे उत्साहाने होतात. ते योग्यच आहे. मात्र ज्या सभागृहात भास्कराचार्यांचा जयघोष होतो, त्याच सभागृहाच्या मागील रांगेत बसलेल्या मुलाला दोन ओळींचे समीकरण मांडता येऊ नये, याची बोच आयोजकांना क्वचितच लागते. पूर्वजांचा अभिमान आणि पूर्वजांची विद्या या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिलीसाठी फारसे कष्ट पडत नाहीत.

ती विद्या मुलांपर्यंत कशी पोहोचवावी, याचे उत्तर भास्कराचार्यांच्या ग्रंथातच आहे. त्यांच्या ‘बीजगणिता’तले एक उदाहरण पाहावे. एका मनुष्यापाशी रोख तीनशे रुपये आणि सहा घोडे आहेत. दुसऱ्यापाशी तशाच किमतीचे दहा घोडे आहेत, पण त्याच्या डोक्यावर शंभर रुपयांचे कर्ज आहे. दोघांची संपत्ती सारखीच. तर एका घोड्याची किंमत किती?

यात अक्षर नाही, सूत्र नाही. दोन शेजाऱ्यांचा व्यवहार आहे. घोड्याची किंमत ठाऊक नाही म्हणून तिला ‘क्ष’ म्हणावे. (मराठीने हे अक्षर असे आपलेसे केले की आता ‘क्ष व्यक्ती’ म्हटले तरी कोणी दचकत नाही, वर्गातल्या इंग्रजी एक्सने मात्र मुले दचकतात.) पहिल्याची संपत्ती ३०० + ६क्ष, दुसऱ्याची १०क्ष – १००. दोन्ही सारख्या. आता दोघांकडचे सहा-सहा घोडे बाजूला काढले, तरी बरोबरी मोडत नाही. पहिल्याकडे उरले रोख तीनशे. दुसऱ्याकडे चार घोडे आणि शंभराचे कर्ज. दोघांच्याही हातावर शंभर-शंभर रुपये ठेवले. दुसऱ्याचे कर्ज फिटले, पहिल्याचे चारशे झाले. म्हणजे चार घोडे चारशेचे, एक घोडा शंभराचा. पडताळा पाहावा : पहिल्याचे ३०० आणि ६००, एकूण ९००, दुसऱ्याचे १०००, त्यातून कर्जाचे १०० गेले, ९००. जमले.

या उदाहरणात शाळेतल्या बीजगणिताचा निम्मा गाभा आहे. तो गाभा वर्गात कसा पोहोचतो? ‘बरोबरच्या चिन्हापलीकडे नेले की अधिकचे वजा होते आणि वजाचे अधिक होते,’ या मंत्राने. मंत्र खोटा नाही, पण तो का खरा, हे बहुतेकांना सांगितले जात नाही. वास्तविक पलीकडे काहीच जात नाही. किराणा दुकानातली जुनी तागडी डोळ्यांपुढे आणावी. दोन्ही पारडी समतोल असताना एका पारड्यातून पावशेर काढले, तर दुसऱ्यातूनही पावशेर काढावे लागते. नाहीतर काटा कलतो. समीकरणाचा सारा धर्म एवढाच आहे. ज्या मुलाने तागडी पाहिली त्याला चिन्ह बदलण्याचा मंत्र पाठ करावा लागत नाही. अडचण इतकीच की, इलेक्ट्रॉनिक काट्यांच्या युगात वाढणाऱ्या मुलाने तागडी पाहिलेलीच नसते. तेव्हा एक काठी, दोन दोऱ्या आणि दोन वाट्या घेऊन घरीच ती करावी. अर्ध्या तासाचे काम आहे.

ऋण संख्यांचेही तसेच. ऋण गुणिले ऋण बरोबर धन, हे वाक्य पिढ्यान् पिढ्या मुलांनी विश्वासावर स्वीकारले आहे. ब्रह्मगुप्ताने ‘ऋण’ हा शब्दच व्यवहारातून घेतला : ऋण म्हणजे कर्ज. पन्नास रुपयांचा एक अशा तीन हप्त्यांचे कर्ज एखाद्याच्या डोक्यावर असेल आणि सावकाराने ते तीनही हप्ते माफ केले, तर तो मनुष्य दीडशे रुपयांनी वर आला. तीन हप्ते ‘गेले’ म्हणून उणे तीन, प्रत्येक हप्ता कर्जाचा म्हणून उणे पन्नास, आणि फळ मात्र अधिक दीडशे. शेतकऱ्याच्या मुलाला हे समजावून सांगण्यास पाठ्यपुस्तकाची पाने खर्ची घालावी लागणार नाहीत.

घरातल्या व्यवहारांत अशी उदाहरणे जागोजाग पडलेली आहेत. एखादा महिला बचत गट दिवाळीसाठी चकल्या करायला घेतो. शेगडी, भांडी, जागेचे भाडे यांचा एकरकमी खर्च १८०० रुपये. भाजणी, तेल, मजुरी मिळून दर किलोस २२० रुपये. विक्रीचा भाव किलोस २८०. किती किलो विकल्या म्हणजे पदरचे जाणार नाही? २८०क्ष = २२०क्ष + १८००. दोन्हीकडून २२०क्ष काढले की ६०क्ष = १८००, म्हणजे तीस किलो. वीस किलोच खपल्या तर हिशेब येतो उणे ६००. पन्नास खपल्या तर अधिक १२००. ही मांडणी बचत गटातल्या ताई वहीत करू लागल्या, तर ‘यंदा चकली परवडली नाही’ हा दिवाळीनंतरचा शोध दसऱ्यापूर्वीच लागेल. बारा हजारांचा मोबाइल ‘बिनव्याजी’ म्हणून साडेअकराशेच्या बारा हप्त्यांत विकणाऱ्या दुकानदाराचे अठराशे रुपये कुठे लपले आहेत, हेही मग घरातले आठवीचे पोर दाखवून देईल.

दोन अज्ञात राशींचा प्रसंग स्टेशनबाहेरच्या गाडीवर सापडतो. दोन चहा आणि तीन वडापाव यांचे ८० रुपये झाले. शेजारच्या माणसाचे तीन चहा आणि दोन वडापाव यांचे ७०. भावफलक नाही. चहा केवढ्याला आणि वडापाव केवढ्याला? दोघांची बिले एकत्र केली तर पाच चहा आणि पाच वडापाव यांचे दीडशे, म्हणजे एक चहा आणि एक वडापाव मिळून तीस. पहिल्या बिलात अशा दोन जोड्या साठ रुपयांच्या, वर एक वडापाव उरतो तो वीस रुपयांचा. मग चहा दहाचा. दहावीच्या पुस्तकातली ‘एकसामयिक समीकरणे’ ती हीच. पुस्तकात मात्र वडापावच्या ठिकाणी दोन अक्षरे येतात आणि मुलाची भूक मरते.

‘एक नळ टाकी भरतो, दुसरा रिकामी करतो’ या उदाहरणांची थट्टा करण्याचा प्रघात आहे. ज्या शहरात पाणी दिवसातून तासभर येते तेथे असा गृहस्थ कोण, असे विचारून हशा पिकवता येतो. पण ही उदाहरणे इंग्रजांनी आणलेली नव्हेत. ‘लीलावती’त चार झरे एक हौद भरतात : पहिला एका दिवसात, दुसरा अर्ध्या, तिसरा तृतीयांश आणि चौथा षष्ठांश दिवसात. चारही एकदम सोडले तर हौद केव्हा भरेल? दिवसाच्या बाराव्या हिश्शात. भास्कराचार्यांनी झरे, कमळे, भुंगे, मोर, तुटलेला बांबू, ओघळलेली मोत्यांची माळ यांतून गणित सांगितले, कारण ते त्या काळच्या माणसाच्या डोळ्यांपुढचे जग होते. आज तीच उदाहरणे शब्दशः उद्धृत करणे ही परंपरा पाळण्याची अर्धी रीत झाली. उरलेली अर्धी म्हणजे आजच्या डोळ्यांपुढच्या जगातून नवी उदाहरणे काढणे.

येथे एका गोष्टीचा उल्लेख करणे आवश्यक आहे. स्वामी भारती कृष्ण तीर्थ यांचा ‘वैदिक गणित’ हा ग्रंथ त्यांच्या निधनानंतर १९६५ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यातील युक्त्यांनी असंख्य मुलांना आकडेमोडीची गोडी लावली. ९७ गुणिले ९६ : शंभराला तीन कमी, शंभराला चार कमी, मिळून सात कमी म्हणून ९३, तीन चोक बारा, उत्तर ९३१२. मुले हरखून जातात. परंतु हरखलेल्या मुलाने ‘असे का होते?’ म्हणून विचारले, की पुष्कळ वर्गांत शिक्षक गप्प होतात. उत्तर बीजगणितात आहे. शंभरातून ‘अ’ कमी आणि शंभरातून ‘ब’ कमी अशा दोन संख्यांचा गुणाकार विस्तारून पाहिला, की शंभर पट (१०० – अ – ब) आणि वर अ गुणिले ब, असे उत्तर आपोआप समोर येते. युक्ती एका उदाहरणात चालली हे पाहणे निराळे आणि ती नेहमीच का चालते हे दाखवणे निराळे. युक्त्यांचे वर्ग पुष्कळ निघाले. ‘का’ विचारणारे वर्ग निघाले पाहिजेत.

‘का’ची गोडी लागली की मूल स्वतःहून शोध घेऊ लागते. दोन अंकी कोणतीही संख्या घ्या, उलटी करा, मोठीतून लहान वजा करा. ७२ आणि २७, फरक ४५. ८१ आणि १८, फरक ६३. उत्तर नेहमी नऊच्या पाढ्यात. का? दशकाचा अंक अ, एककाचा ब. संख्या १०अ + ब, उलटी १०ब + अ, फरक ९अ – ९ब. संपले. नव्वद उदाहरणे करून पाहण्याचे काम एका ओळीने केले. अशाच अंकखेळांतून देवळालीच्या शाळेतले शिक्षक दत्तात्रय रामचंद्र कापरेकर ६१७४ या संख्येपर्यंत पोहोचले आणि १९४९ मध्ये त्यांनी मांडलेली ही गोष्ट आज ‘कापरेकर स्थिरांक’ म्हणून जगभर ओळखली जाते. त्यांच्यापाशी प्रयोगशाळा नव्हती.

शिकण्याच्या साधनांचा विचार केला, तर आजच्या मुलाचे भाग्य कापरेकर गुरुजींना हेवा वाटावे असे आहे. बालभारतीची पाठ्यपुस्तके आता इंटरनेटवरून विनामूल्य उतरवून घेता येतात. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन परिषदेची पुस्तकेही तशीच, आणि २०२४ मध्ये सहावीसाठी आलेले तिचे ‘गणित प्रकाश’ हे पुस्तक तर पालकांनीही चाळावे असे आहे. केंद्र सरकारच्या ‘दीक्षा’ या २०१७ मध्ये सुरू झालेल्या व्यासपीठावर धड्यागणिक चित्रफिती व सराव आहेत. पाठ्यपुस्तकात छापलेल्या चौकोनी संकेतचिन्हावर मोबाइल धरला की त्या उघडतात. कित्येक घरांत मोबाइलही आहे आणि पुस्तकही आहे, पण त्या चौकोनावर मोबाइल धरून पाहिल्याचे कोणाला स्मरत नाही. ‘जिओजेब्रा’ हे साधन २००१ मध्ये मार्कुस होहेनवार्टर यांनी ऑस्ट्रियात विद्यार्थी असताना तयार केले. त्यात चहा-वडापावची दोन समीकरणे टंकित केली की पडद्यावर दोन रेषा उमटतात आणि नेमक्या दहा व वीस या बिंदूत एकमेकींना छेदतात. ही रेषांची गाठ पाहिलेले मूल ती विसरत नाही.

खान अकॅडमीचे नावही घ्यावेच लागेल. इंग्रजीत आणि हिंदीतही तिचे धडे विनामूल्य आहेत आणि मूल कुठे अडते ते पाहून मागच्या पायरीवर नेण्याची तिची रीत चांगली आहे. या संस्थेचा उगम मात्र फारसा कोणी लक्षात घेत नाही. अमेरिकेत वाढलेले, मूळ बंगाली घराण्यातले सलमान खान यांची नात्यातली एक लहान बहीण गणितात मागे पडली होती. २००४ मध्ये त्यांनी तिला दुसऱ्या शहरातून दूरध्वनीवर शिकवण्यास आरंभ केला. मग इतर भावंडे आली, मग ध्वनिचित्रफिती, आणि २००८ मध्ये संस्था. म्हणजे जगड्व्याळ यंत्रणेच्या मुळाशी तंत्रज्ञान नव्हते. नोकरी सांभाळून, संध्याकाळी बहिणीसाठी वेळ काढणारा एक भाऊ होता.

अशीच एक गोष्ट काशीतली. २० मे २०२५ रोजी दिवंगत झालेले डॉ. जयंत नारळीकर यांचे बालपण बनारस हिंदू विश्वविद्यालयाच्या परिसरात गेले. वडील विष्णुपंत तेथे गणिताचे प्राध्यापक. घरात मुलांसाठी फळे लावलेले होते. शिक्षणासाठी त्यांच्या घरी राहायला आलेले मामा मोरेश्वर हुजुरबाजार त्यांतल्या एका फळ्यावर भाच्यासाठी आव्हान म्हणून गणित लिहून ठेवत. ते सुटेपर्यंत किंवा भाचा हार मानेपर्यंत कोणी पुसत नसे. येता-जाता दिसणारे ते न सुटलेले गणित त्या मुलाच्या मनात काय करत असेल, याची कल्पना करता येते. फळा आणि खडू यांना तेव्हाही फारसा खर्च नव्हता.

विनामूल्य साधनांविषयी बोलताना नेमका हा भाऊ आणि हा मामा विसरला जातो. मार्च २०२० नंतर शाळा बंद राहिल्या त्या काळात घरोघर मोबाइल आले, धडे आले, दुवे आले. पण ज्यांच्या शेजारी कोणी बसले नाही, त्यांच्या हाती त्यातून फार थोडे लागले. कारण उघड आहे. चित्रफीत पाहताना सारे समजल्यासारखे वाटते. पडद्यावरचा शिक्षक न अडता पुढे जातो आणि पाहणारा मान डोलावतो. समजले की नाही हे कळते ते पडदा बंद करून कोऱ्या कागदावर तेच उदाहरण मांडताना, आणि दुसऱ्याला समजावून सांगताना तर अधिकच. शिवाय तोच मोबाइल गणितावरून रीलवर जायला बोटाची एक हालचाल पुरते. मराठीतून उपलब्ध असलेल्या चित्रफितींत पुष्कळशा ‘पाच सेकंदांत उत्तर’ पद्धतीच्या आहेत, ही आणखी एक अडचण. दहा मिनिटे पाहायचे, मोबाइल उपडा ठेवायचा आणि तीस मिनिटे वही, एवढे पथ्य पाळले तरी साधनाचे चीज होते. पण हे पथ्य तेरा वर्षांचे मूल एकट्याने पाळील, ही अपेक्षा मोठी माणसेही स्वतःकडून पुरी करत नाहीत.

चाळीसगावजवळ पाटण येथे, आज पाटणादेवी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या परिसरात, एक शिलालेख आहे. भाऊ दाजी लाड यांनी तो एकोणिसाव्या शतकात प्रकाशात आणला. यादव राजा सिंघण याचा ज्योतिषी चांगदेव हा भास्कराचार्यांचा नातू (योगी चांगदेव तो निराळा). आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्याने तेथे मठ स्थापला आणि निकुंभ वंशातील स्थानिक अधिपतीने त्या मठास दान दिले. शिलालेख संस्कृत आहे. पण अखेरच्या ओळी मराठीत आहेत आणि त्या मोठ्या बोलक्या आहेत. पाटणच्या बाजारात जो माल विकायला येईल, त्यावरच्या कराचा वाटा मठाला द्यावा, असे त्यांत नमूद आहे. विद्येचा महिमा संस्कृतात आणि खर्चाची तरतूद बाजारात वावरणाऱ्या लोकांच्या भाषेत! तेथे ‘लीलावती’ शिकणाऱ्याला पैसे मोजावे लागू नयेत म्हणून गावचा व्यापार आपल्यातला थोडा भाग बाजूला काढत होता. ग्रंथ होते, निवारा होता, आणि मुख्य म्हणजे ग्रंथ उलगडून सांगणारा गुरू तेथे राहत होता.

आज ग्रंथाचा खर्च उरलेला नाही. निवाराही पुष्कळ ठिकाणी आहे. सेवावस्त्यांतून चालणाऱ्या अभ्यासिकांत एक खोली, सतरंजी, भिंतीवर फळा, कोणाचा तरी जुना मोबाइल असतो. संस्कार वर्गाला वीस-पंचवीस मुले नियमित येतात. श्लोक, गोष्टी, खेळ होतात. कमतरता असते ती मामाची. आणि त्याच शहराच्या दुसऱ्या टोकाला निवृत्त अभियंते, बँकांतले अधिकारी, शिक्षिका, अभियांत्रिकीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षात असलेले तरुण स्वयंसेवक आहेत, ज्यांना आठवीचे बीजगणित आजही झोपेतून उठवून विचारले तरी येईल. त्यांतल्या अनेकांची समजूत अशी की, शिकवायला प्रशिक्षण लागते. खान यांच्यापाशी ते नव्हते, हुजुरबाजार तर त्या वेळी स्वतःच विद्यार्थी होते. ज्याला गणित येत नाही असा पालकही मुलाला ‘हे मला समजावून सांग’ म्हणू शकतो. त्याच्या अज्ञानाचा येथे उपयोगच होतो, कारण त्याला समजेपर्यंत मुलाला थांबावे लागते.

रविवारी सकाळचा एक तास, चार-पाच मुले आणि एक मोठा माणूस, एवढ्यावर प्रारंभ होतो. पहिले काही आठवडे भागाकार, अपूर्णांक यांची डागडुजी करण्यात जातील. त्याचा कंटाळा करून चालणार नाही. जूनमध्ये शाळा उघडण्यापूर्वी, सुटीतच बैठक बसली तर उत्तम. फळ्यावर पहिले काय लिहावे अशी अडचण पडल्यास भास्कराचार्यांचे सहा घोड्यांचे उदाहरण लिहावे. घोडे परके वाटत असतील तर त्यांच्या जागी शेळ्या घालाव्यात. उत्तर त्या दिवशी सांगू नये, आणि जाताना फळा पुसू नये.